वाचणाऱ्याला लिहिताही येते

16 एप्रिल 2018, दुपारी 4 वाजून 50 मिनिटे. दिल्लीत राहणारे कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधील एका लपवलेल्या फोल्डरमध्ये या वेळी शेवटचा बदल झाला. तो विल्सन यांनी केला नव्हता, दूर कुठेतरी बसलेल्या हॅकरने केला होता, असे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या डिजिटल न्यायवैद्यक कंपनीचा अहवाल सांगतो. दुसऱ्या दिवशी पुणे पोलिसांचे पथक विल्सन यांच्या घरी पोहोचले आणि लॅपटॉप जप्त झाला. त्या फोल्डरमधली पत्रे पुढे एल्गार परिषद खटल्यातला सर्वांत गाजलेला पुरावा ठरली. पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाचा उल्लेख असलेले म्हणून जे पत्र वृत्तवाहिन्यांवर दिवसरात्र फिरले, तेही त्यांतलेच.

31 डिसेंबर 2017 रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर झालेली एल्गार परिषद आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावात उसळलेला हिंसाचार महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. त्या प्रकरणात वकील, प्राध्यापक, कवी, कलाकार आणि कार्यकर्ते मिळून सोळा जणांना अटक झाली. सर्वांवर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला. जानेवारी 2020 मध्ये तपास पुणे पोलिसांकडून राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. या खटल्याची राजकीय बाजू खूप लिहून झाली आहे. तिची तांत्रिक बाजू मात्र मराठी वाचकांपर्यंत फारशी आलेली नाही. आणि हातात स्मार्टफोन असलेल्या प्रत्येकाला ती लागू पडते.

आर्सेनलने जे मांडले ते असे. 13 जून 2016 रोजी विल्सन यांना तेलुगू कवी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून एकापाठोपाठ एक मेल आले. सोबतची फाइल उघडून बघा, असा आग्रह त्यांत होता. ओळखीच्या माणसाचा मेल, म्हणून विल्सन यांनी फाइल उघडली. राव यांचे खाते दुसराच कोणी वापरत होता. फाइल उघडताच ‘नेटवायर’ नावाचे मालवेअर लॅपटॉपमध्ये शिरले आणि जप्तीपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस महिने, आत राहिले. 3 नोव्हेंबर 2016 रोजी त्या हॅकरने लॅपटॉपमध्ये एक फोल्डर तयार करून लपवला आणि पुढच्या दीड वर्षात त्यात पत्रे आणून ठेवली. पहिल्या अहवालात अशी दहा पत्रे होती, पुढच्या अहवालात आणखी बावीस फाइली. विल्सन यांच्या लॅपटॉपवर वर्डची जुनी आवृत्ती होती, तर काही पत्रे त्यावर नसलेल्या नव्या आवृत्तीत तयार झालेली होती. त्या लॅपटॉपवर ती पत्रे किंवा तो फोल्डर कोणी कधी उघडल्याची खूणही तज्ज्ञांना सापडली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हा अहवाल छापण्याआधी तीन स्वतंत्र तज्ज्ञांना दाखवला. त्यांनी तो ग्राह्य ठरवला.

एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. हा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, असे तिचे म्हणणे. न्यायालयात साक्षीपुराव्याने तो तपासला गेलेला नाही, आणि खटल्याचा निकाल लागायचा आहे. म्हणून कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरवण्याचा अधिकार या लेखाला नाही. पण या अहवालाने उभा केलेला प्रश्न निकालाची वाट पाहत थांबू शकत नाही. एखाद्याच्या यंत्रात बाहेरचा माणूस बावीस महिने बसू शकत असेल, तर त्या यंत्रात सापडलेला कागद त्याच यंत्राच्या मालकाचा, हे कशावरून ठरवायचे?

आपल्याकडे डिजिटल पाळतीची चर्चा नेहमी गोपनीयतेपाशी येऊन थांबते. कोणी आपले मेसेज वाचतो, फोटो बघतो, बोलणे ऐकतो, हे वाईटच. त्यावर ठरलेले उत्तर येते: लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला? हे उत्तर अनेकांना पटते, कारण पाळत म्हणजे फक्त वाचणे अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात यंत्रात शिरलेल्याला जे वाचता येते, त्यातले बरेचसे लिहिताही येते. नेटवायरसारखे मालवेअर टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपते, पासवर्ड चोरते, आणि त्याच वाटेने फाइली आत आणूनही ठेवते. मग लपवण्यासारखे काही नसलेला माणूसही सुरक्षित राहत नाही. त्याच्याकडे जे नव्हते, ते त्याच्याकडे सापडू शकते. इथे पणाला लागतो तो निव्वळ खासगीपणा नव्हे. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, न्याय्य खटल्याचा हक्क, निर्दोष मानले जाण्याचा हक्क, सगळेच त्या एका अटॅचमेंटवर येऊन ठेपतात. सायबर सुरक्षा हा मानवी हक्कांचा विषय आहे तो या अर्थाने. पासवर्ड बदलण्याच्या सल्ल्यांपुरता तो ठेवून चालणार नाही.

विल्सन एकटे नव्हते. याच खटल्यात आरोपी असलेले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाचीही आर्सेनलने तपासणी केली. तिथे फेब्रुवारी 2016 च्या अखेरीस मालवेअर शिरले होते, सुमारे वीस महिने होते, आणि चौदा पत्रे त्याच वाटेने आली होती, असा तिचा निष्कर्ष. हल्लेखोर तोच, यंत्रणा तीच. गडलिंग हे दलित-आदिवासींचे खटले चालवणारे वकील. वकिलाच्या संगणकात पक्षकारांची गुपिते असतात, बचावाची आखणी असते. तिथे कोणी परका बसला, तर ज्या पक्षकारांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत त्यांच्याही खटल्यांचा गोपनीयपणा संपला.

मग फादर स्टॅन स्वामी. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीच्या आणि तुरुंगात खितपत पडलेल्या तरुणांच्या प्रश्नांवर आयुष्य वेचलेले हे जेझुइट धर्मगुरू ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली तेव्हा 83 वर्षांचे होते. पार्किन्सनमुळे त्यांचे हात थरथरत. पेला धरता येत नाही म्हणून तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, वैद्यकीय जामिनाची सुनावणी चालू असताना, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. दीड वर्षाने, डिसेंबर 2022 मध्ये, त्यांच्या संगणकाविषयीचा अहवाल आला. 2014 पासून त्यात हॅकर वावरत होता आणि चाळीसहून अधिक फाइली त्याने आणून ठेवल्या होत्या, असे त्यात म्हटले आहे. 11 जून 2019 रोजी हॅकरने स्वतःच्या खुणा पुसायला सुरुवात केली, हेही त्यात आहे. रांचीजवळच्या स्वामींच्या निवासावर पुणे पोलिसांनी छापा घातला तो 12 जूनला. खुणा पुसण्यासाठी नेमका आदला दिवस निवडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय होणार हे कसे कळले? या प्रश्नाचे उत्तर स्वामींना मिळाले नाही. देशालाही अजून मिळालेले नाही.

उत्तराच्या दिशेने काही पावले पडली, ती परदेशात. फेब्रुवारी 2022 मध्ये ‘सेंटिनलवन’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिले, की भारतातील कार्यकर्ते, वकील आणि अभ्यासक यांना लक्ष्य करणारी ही एकच टोळी किमान 2012 पासून काम करत होती. चार महिन्यांनी ‘वायर्ड’ नियतकालिकाने वृत्त दिले, की विल्सन, राव आणि प्राध्यापक हनी बाबू यांच्या हॅक झालेल्या ईमेल खात्यांना ‘रिकव्हरी’साठी जो नवा ईमेल पत्ता आणि फोन नंबर जोडला गेला, तो पुणे पोलिसांतील एका अधिकाऱ्याशी जुळतो. इतका गंभीर आरोप छापून आल्यावर सरकारने स्वतःहून स्वतंत्र चौकशी नेमायला हवी होती. आरोप खोटा असेल तर पोलिस दलाच्या अब्रूसाठी, खरा असेल तर न्यायासाठी. अशी चौकशी झाली नाही, ही महाराष्ट्राला शोभणारी गोष्ट नाही.

इथे वापरलेले हत्यार किती साधे होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. नेटवायर हे कोणा गुप्तचर संस्थेचे दुर्मीळ अस्त्र नव्हते. ते संकेतस्थळावर उघड विकले जाई, भुरटे सायबर चोरही ते वापरत. मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ते संकेतस्थळ ताब्यात घेतले आणि ते चालवल्याच्या संशयावरून क्रोएशियात एकाला अटक झाली. म्हणजे एका माणसाचे साडेसहा वर्षांचे स्वातंत्र्य हिरावायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. ओळखीच्या नावाने आलेला एक मेल पुरतो.

ज्यांना कोट्यवधी रुपये खर्चायचे आहेत, त्यांच्यासाठी वेगळा बाजार आहे. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे स्पायवेअर सर्वांना ठाऊक आहे. आपण फक्त सरकारांना आणि सरकारी यंत्रणांनाच ते विकतो, असे ही कंपनी सांगते. 2019 च्या एप्रिल-मे महिन्यांत व्हॉट्सअॅपमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन जगभरच्या सुमारे 1,400 फोनवर हल्ला झाला. नुसता कॉल यायचा. तो घेतला नाही तरी चालत असे. भारतातल्या ज्यांना व्हॉट्सअॅपने नंतर सावध केले त्यांत गडलिंग यांचे वकील, नागपूरचे निहालसिंग राठोड होते, प्राध्यापक आनंद तेलतुंबडे होते, बस्तरमध्ये काम करणाऱ्या बेला भाटिया होत्या. आरोपीच्या संगणकात घुसखोरी आणि आरोपीच्या वकिलाच्या फोनवर हल्ला, ही दोन टोके एकाच खटल्यात एकत्र आली. वकील आणि अशील यांच्यातले बोलणे गुप्त राहते, या तत्त्वावर तर सगळी न्यायव्यवस्था उभी आहे.

व्हॉट्सअॅपने एनएसओवर अमेरिकेत खटला भरला. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले, पुढच्या मे महिन्यात ज्युरीने जबर दंड सुनावला. तो नंतर बराच कमी झाला. पण व्हॉट्सअॅपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास न्यायालयाने कायमची मनाई केली. आपल्याकडे काय झाले? जुलै 2021 मध्ये पेगाससच्या संभाव्य लक्ष्यांची यादी उघड झाली. तीत तीनशेहून अधिक भारतीय नंबर होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये तांत्रिक समिती नेमली. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने गप्प बसावे असे होणार नाही, हे त्या आदेशात ठणकावून सांगितले होते. समितीने 29 फोन तपासले. पाच फोनमध्ये कसले तरी मालवेअर आढळले. ते पेगाससच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, असे ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असेही तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी नमूद केले. अहवाल बंद पाकिटातच राहिला. पेगासस विकत घेतले की नाही, याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर सरकारने आजवर दिलेले नाही.

एप्रिल 2025 मधील सुनावणीत न्यायालयाने म्हटले, की देशाकडे स्पायवेअर असण्यात गैर काही नाही. ते कोणाविरुद्ध वापरले हा प्रश्न आहे. पहलगामच्या हल्ल्याला तेव्हा आठवडाच झाला होता. त्या वातावरणात हे म्हणणे समजण्यासारखे आहे. तरीही ते अपुरे आहे. स्पायवेअर बंदुकीसारखे शस्त्रागारात पडून राहत नाही. ते चालते ठेवायचे तर सगळ्यांच्या फोनमधली एखादी त्रुटी उघडी ठेवावी लागते. ज्या त्रुटीतून अतिरेक्याच्या फोनमध्ये शिरता येते, तीच त्रुटी पोलिस आयुक्तांच्या, शाळकरी मुलीच्या आणि न्यायाधीशांच्या फोनमध्येही असते. तिची माहिती दडवून ठेवणारे सरकार स्वतःच्या नागरिकांना असुरक्षित ठेवत असते.

हे कल्पनेतले नाही. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदराने ते भोगले आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला विंडोजमधली एक त्रुटी कित्येक वर्षे ठाऊक होती. मायक्रोसॉफ्टला न कळवता तिने त्यावर हत्यार बनवले. चोरीला गेलेले ते हत्यार 2017 मध्ये इंटरनेटवर उघड झाले. मे महिन्यात त्यावर बेतलेल्या ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनची सरकारी रुग्णालये ठप्प केली, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जूनमध्ये तेच हत्यार वापरणारे ‘नॉटपेट्या’ आले. युक्रेनला लक्ष्य करून सोडलेल्या या मालवेअरने मेर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी लोळवली, आणि तिच्याच समूहाकडे असलेले जेएनपीटीतले कंटेनर टर्मिनल बंद पडले. उरण-पनवेलच्या रस्त्यांवर कंटेनर खोळंबले. वॉशिंग्टनजवळच्या एका कार्यालयात ‘हे आपल्या उपयोगाचे आहे’ म्हणून राखून ठेवलेली त्रुटी रायगड जिल्ह्यातल्या ट्रकचालकाच्या पोटावर आली.

याच्या नेमके उलट उदाहरण अरब अमिरातीचे. अहमद मन्सूर हे तिथले मानवी हक्क कार्यकर्ते. ऑगस्ट 2016 मध्ये त्यांच्या आयफोनवर एसएमएस आला: तुरुंगातल्या छळाची गुपिते हवी असतील तर ही लिंक उघडा. मन्सूर यांनी लिंकला हात लावला नाही. तो मेसेज त्यांनी टोरांटोच्या ‘सिटिझन लॅब’ला पाठवला. तिथल्या संशोधकांना त्यात पेगासस सापडले आणि अॅपलला ठाऊक नसलेल्या तीन त्रुटीही. ऑगस्ट संपायच्या आत अॅपलने जगभरच्या आयफोनसाठी दुरुस्ती दिली. मुंबईतल्या उद्योगपतीचा फोन आणि मंत्रालयातल्या सचिवाचा फोन त्या दुरुस्तीने अधिक सुरक्षित झाला, तो एका परदेशी कार्यकर्त्याच्या सावधपणामुळे. मन्सूर यांना मात्र पुढच्याच मार्चमध्ये अटक झाली आणि 2018 मध्ये दहा वर्षांची शिक्षा. सरकारच्या नजरेत खुपणाऱ्या माणसांवर ही अस्त्रे सर्वांत आधी चालवली जातात, त्यामुळे त्यांच्याच फोनमध्ये ती सर्वांत आधी सापडतात. त्यांचे रक्षण हे साऱ्या समाजाच्या सायबर सुरक्षेचे पहिले काम व्हायला हवे. 2023 मध्येही हेच दिसले. सप्टेंबरमध्ये अॅपलने जी त्रुटी बुजवली, तिचाच वापर करून आदल्या महिन्यात पत्रकार आनंद मंगनाळे यांच्या फोनवर पेगासस घालण्याचा प्रयत्न झाला होता, असे अॅम्नेस्टीच्या प्रयोगशाळेने त्या डिसेंबरात सांगितले.

कार्यकर्ते आणि पत्रकार यांच्याशी आपला काय संबंध, असे वाटणाऱ्यांसाठी दुसरे चित्र. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने ओलीस धरले आणि दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. आधारपासून आजारापर्यंतची माहिती एकदा बाहेर पडली, की ती ‘डिजिटल अरेस्ट’ करणाऱ्या ठगांच्या हाती लागायला वेळ लागत नाही. निवृत्त शिक्षकाला फोन येतो तेव्हा समोरच्याला त्यांचा पत्ता, बँक, मुलाचे नाव ठाऊक असते, म्हणूनच तो खरा पोलिस वाटतो. 2024 या एका वर्षात सायबर फसवणुकीत भारतीयांचे 22,845 कोटी रुपये गेले, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा. ज्या संस्थेने माहिती गोळा केली आणि नीट सांभाळली नाही, तिला यातल्या किती प्रकरणांत जाब विचारला गेला?

आता कायद्याकडे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यावर घाला घालायचा तर कायदा हवा, उद्दिष्ट रास्त हवे आणि उपाय प्रमाणात हवा, असे त्यात ठरले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 सरकारला संदेश मिळवण्याचा आणि उलगडण्याचा अधिकार देते. आदेश न्यायाधीशाचा लागत नाही, गृहसचिवाचा पुरतो. त्यावर देखरेख सचिवांच्याच समितीची. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात या देखरेखीचे वाभाडे काढले होते: दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या बैठकीत समितीसमोर 15 ते 18 हजार आदेश असतात. इतके आदेश एका बैठकीत वाचणेही कोणाला शक्य नाही, तपासणे दूरच. शिवाय हे सगळे वाचण्या-ऐकण्यापुरते आहे. दुसऱ्याच्या यंत्रात मालवेअर घालण्याचा, त्यात फाइल ठेवण्याचा अधिकार या देशाच्या कोणत्याही कायद्याने कोणालाही दिलेला नाही. उलट त्याच कायद्यातील कलम 43 आणि 66 प्रमाणे तो गुन्हा आहे. गणवेश घातल्याने गुन्ह्याचे नाव बदलत नाही.

पोलिसांना हात बांधून दहशतवाद्यांशी लढायला सांगायचे का, हा प्रश्न 26/11 पाहिलेल्या मुंबईच्या लेखी खरा आहे. त्याचे उत्तर 26/11 मध्येच आहे. हल्लेखोर आणि कराचीतले त्यांचे सूत्रधार यांच्यातले फोन आपल्या यंत्रणांनी चालू हल्ल्यात ऐकले, ध्वनिमुद्रित केले, आणि ती ध्वनिमुद्रणे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली. ठरावीक नंबर, ठरावीक कारण, ठरावीक वेळ. असा पुरावा टिकतो. आरोपीच्या यंत्रात कोण कोण येऊन गेले याचा पत्ता नसेल, तर खऱ्या गुन्हेगारालाही ‘फाइल माझी नाही’ म्हणून सुटता येईल. पुराव्याची शुद्धता हवी आहे ती आरोपीइतकीच फिर्यादी पक्षाला.

यासाठी लागणारे बरेचसे उपाय माहीत आहेत, काही तर कागदावर आलेही आहेत. प्रत्येक डिजिटल साधनातल्या मजकुरावरून गणिताने एक आकडा काढता येतो, त्याला हॅश व्हॅल्यू म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा बदलतो. पंचनाम्यात मुद्देमालाच्या पुडीवर लाखेचे सील असते, तसे हे डिजिटल सील. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रावर ही व्हॅल्यू नोंदवायची तरतूद आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. चांगले पाऊल आहे. पण व्हॅल्यू जप्तीच्या जागी, पंचांसमोर, त्याच वेळी काढून मालकाच्या हातात दिली पाहिजे. ती आठवड्याने प्रयोगशाळेत काढली, तर मधल्या आठवड्यात काय झाले हे कोणी सांगू शकत नाही. आणि हे सील जप्तीनंतरच्या हेराफेरीपासून वाचवते. जप्तीच्या आदल्या दिवशी 4 वाजून 50 मिनिटांनी जे झाले म्हणतात, ते पकडायला यंत्राची कसून तपासणीच लागते.

ती तपासणी करणार कोण? विल्सन यांच्या वकिलांना त्यासाठी अमेरिकन बार असोसिएशनचे दार ठोठावावे लागले. तिच्यामार्फत प्रकरण आर्सेनलकडे गेले आणि आर्सेनलने एक पैसा न घेता काम केले. कलिना किंवा पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा सरकारी आहेत. तिथे साधने पोलिस पाठवतात, आरोपी नाही. ज्या आरोपीसाठी परदेशातले तज्ज्ञ फुकट राबणार नाहीत, त्याने काय करायचे? गडचिरोलीच्या किंवा बीडच्या एखाद्या तरुणाच्या फोनमध्ये ‘सापडलेल्या’ मजकुराचे खरेखोटे तपासायला आज महाराष्ट्रात त्याच्या बाजूने उभी राहील अशी यंत्रणा नाही. विल्सन आणि त्यांचे सहआरोपी सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2025 रोजी जामीन दिला, तो पुरावा खोटा ठरला म्हणून नव्हे. साडेसहा वर्षे उलटली तरी आरोपनिश्चितीही झाली नव्हती म्हणून. पुराव्याचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 837 कोटी रुपयांचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला. नव्या प्रयोगशाळा, नवी साधने, प्रशिक्षित अधिकारी असा त्याचा आवाका आहे, आणि फसवणुकीला तोंड द्यायला ते हवेच आहे. त्या कोटींमधला एक हिस्सा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालच्या, पोलिसांपासून स्वतंत्र अशा न्यायवैद्यक केंद्रासाठी काढून ठेवावा. कोणत्याही आरोपीला, त्याच्याकडे पैसे नसले तरी, विधी सेवा प्राधिकरणामार्फत तिथे आपल्या फोनची किंवा लॅपटॉपची क्लोन प्रत तपासून घेता यावी. यासाठी दिल्लीचा कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांनी ही एक मागणी मांडावी, आणि वाचकांनी ती त्यांच्याकडे लावून धरावी.